दुखण्याची जन्मतारीख

जन्म-मृत्यू नोंदणीच्या तीन नंबरच्या खिडकीवर त्या दिवशीही रोजच्यासारखी रांग होती, आणि रोजच्यासारखाच रांगेतला पहिला माणूस खोटं बोलत होता. त्याला मुलाला एक वर्ष आधी शाळेत घालायचं होतं, म्हणून मुलाचा जन्म दोन महिने मागे सरकवून हवा होता. त्याच्या मागच्या बाईला लग्नाच्या मुलीचं वय तीन वर्षांनी उतरवून हवं होतं, आणि तेही जेवणाच्या सुट्टीच्या आत. खिडकीमागची बाई दोघांनाही एकाच आवाजात सांगत होती की जन्म झाला तेव्हा झाला, तो आपल्या सोयीने होत नाही.

कचेरीत तिला 'तारीखबाई' म्हणत. वय तीस, अंगाने काडी, पण वहीतला एक आकडा कुणी हलवून दाखवावा! मोठमोठे लोक वशिल्याच्या चिठ्ठ्या घेऊन आले आणि हात हलवत परत गेले. शिपाई म्हणायचा, यमाने येऊन तारीख बदलून मागितली तरी बाई त्याला अर्ज भरायला लावतील. तीन नंबरची खिडकी मात्र तिने भांडून मागून घेतली होती. सगळ्यांना वाटायचं, उजेडासाठी. खरं कारण असं की त्या खिडकीपासून स्वच्छतागृहाचं दार सहा पावलांवर होतं.

कारण ह्या तारीखबाईला स्वतःचं एक दुखणं होतं, आणि त्या दुखण्याची तारीख खोटी होती.

ते कसं, ते सांगायला हवं. शाळेच्या शेवटच्या वर्षी, सतराव्या वर्षी, तिला पोटात पिळवटून कळा येऊ लागल्या. दिवसातून दहादा धावावं लागे आणि शौचातून रक्त पडे. वडिलांनी तिला गावातल्या डॉक्टरकडे नेलं नाही. दोन गावं सोडून पलीकडे नेलं, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. डॉक्टरांनी मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण असल्याचं सांगितलं, हा आजार मुळातून जात नाही पण गोळ्यांनी ताब्यात राहतो, असंही सांगितलं. वडिलांनी विचारलं ते एकच. बाहेरून कळत नाही ना?

हे वडील म्हणजे वजनमापं निरीक्षक. पावशेराला दहा ग्रॅम कमी भरलं की दुकानाला टाळं ठोकणारा माणूस. निवृत्त झाल्यावरही बाजारातून आणलेली पुडी घरच्या काट्यावर ठेवून बघायची सवय गेली नव्हती. दुसऱ्याच्या पारड्यातली खोट त्यांना दहा हातांवरून दिसे. आपल्या घरातल्या गोष्टीला मात्र त्यांचं माप निराळं होतं, आणि त्या मापाचं नाव होतं इभ्रत. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे वाक्य त्यांनी पोरींना बाराखडीच्या आधी शिकवलं असेल. मुठीत काय कुजतंय ते उघडून बघायची त्यांची छाती नव्हती.

आठ वर्षं ती गोळ्या घेत होती, सांधेदुखीच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीतून. पंचविसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा मोटार चालवायला शिकवणारा, स्वभावाने बरा, बोलायला कमी. सासूबाई म्हणजे तोंडाने तिखट आणि घरात त्यांच्या शब्दाबाहेर पान हलायचं नाही. लग्नात माहेराहून सगळं आलं, फक्त गोळ्या आल्या नाहीत. आईने बाटली पिशवीतून काढून घेतली आणि म्हणाली, तिकडे चार माणसांत गोळ्या गिळत बसलीस तर विचारतील, आता तुला बरंच आहे की. बरं होतं ते त्या गोळ्यांमुळेच होतं, हे त्या माउलीला कळलं नाही असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

वर्षभरात व्हायचं तेच झालं. दुखणं असं उसळलं की तिला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. शहरातले पोटाचे डॉक्टर नावाजलेले आणि खरोखर चांगले. त्यांनी फाइल उघडून पहिला प्रश्न विचारला, हे कधीपासून? तिने तोंड उघडायच्या आत पलंगाशी उभी असलेली आई बोलली, "लग्नानंतरच हो. दोन महिने झाले असतील." नवरा शेजारी उभा होता, सासूबाई दारात. तिने आईकडे पाहिलं, आईने तिचा हात दाबला, आणि डॉक्टरांनी ते साल फाइलीवर लिहिलं. जी बाई पुढे परक्याच्या पोराचा एक दिवस हलू देणार नव्हती, तिने स्वतःच्या आयुष्यातली नऊ वर्षं हात दाबल्यावर सोडून दिली.

पुढे ह्या कचेरीत नोकरी लागली. नवी असताना एकदा तिने गंमत म्हणून नवऱ्याच्या जन्माची नोंद काढून पाहिली होती, आणि पाहून वही मिटून जागेवर ठेवली होती. घरी काही बोलली नाही. ते तेव्हाचं तेव्हा.

आता त्या दिवसाकडे येऊ. रांगेत तिसरा उभा होता तिचा आतेभाऊ. लहानपणी गोलमटोल म्हणून घरात त्याला ढोल्या म्हणत. नाव तेच राहिलं, अंगावर मांस काही राहिलं नव्हतं. आत्याच्या मृत्यूचा दाखला हवा होता, घर नावावर करायला. आत्या जाऊन अठरा वर्षं झाली होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेली, असं घरातलं लहान पोरही सांगू शकलं असतं. त्याला बाहेर बाकावर बसवून ती मागच्या खोलीत गेली आणि जुन्या कागदांचं बासन सोडलं.

दाखल्यावर मरणाचं कारण छापत नाहीत, पण डॉक्टरने भरून दिलेला मूळ कागद बासनात असतो. तिने तो वाचला, मग खाली बसून पुन्हा वाचला. मृत्यूचं कारण, मोठ्या आतड्याचा कर्करोग. आधीपासूनचा आजार, मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह. कालावधी, बावीस वर्षे. आणि तळाशी 'माहिती देणार' ह्या शब्दांपुढे वडिलांची सही, वजनकाट्याच्या प्रमाणपत्रावर असायची तशीच ठसठशीत. बहीण मेल्यावर का होईना, ह्या माणसाने एका कागदावर खरं सांगितलं होतं, आणि तो कागद बासनात जाणार, कुणाला दिसणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिने बोटांवर वर्षं मोजली. तिचं दुखणं सुरू झालं तेव्हा आत्या जाऊन पाच वर्षं झाली होती. म्हणजे दोन गावं सोडून पलीकडे नेताना वडिलांना माहीत होतं. हे दुखणं काय आहे, आणि दुर्लक्ष केलं तर ते कुठे जाऊन थांबतं, हे ज्याला घरात सर्वांत जास्त माहीत होतं त्यानेच ते झाकलं होतं. ढोल्याला तिने त्या दिवशी दाखला दिला, पण तोंड उघडलं नाही. आधी बापाला विचारू, असं तिने ठरवलं.

ती थेट माहेरी गेली. वडील काट्यावर साखरेची पुडी तोलत होते. आई पडदे शिवत होती, कारण धाकट्या बहिणीचं लग्न जमत आलं होतं आणि महिन्याभराने एका रविवारी मुलाकडची माणसं घर बघायला येणार होती. तिने विचारलं तेव्हा वडिलांनी आधी पुडी उतरवली, काटा शून्यावर आणला आणि मग म्हणाले की आत्याचं हृदय बंद पडलं हे खोटं कसं, सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं. स्वतःच्या विनोदावर ते थोडं हसलेही. ती हसली नाही तेव्हा आवाज चढला. कॅन्सर म्हटलं असतं तर तुमची लग्नं झाली असती का? घराण्यात आहे म्हणून दारातून लोक परतले असते. तुझं झालं ना नीट? मग?

"माझ्या फाइलीत साल खोटं आहे, बाबा. ते मला दुरुस्त करायचंय."

"चार महिने थांब. धाकटीचं होऊन जाऊ दे. तेरा वर्षं काही झालं नाही, चार महिन्यांत काय आभाळ कोसळतंय?"

दुसऱ्याच्या दुकानात दहा ग्रॅमसाठी आभाळ कोसळायचं, पोरीच्या आतड्यासाठी मात्र चार महिने पदरचे घाला! आणि वरून ही मंडळी म्हणणार, आम्ही पोरींना फुलासारखं वाढवलं. जातच ही तशी. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. शौचाचा शब्द काढला की नाकाला रुमाल लावतील, आणि पोटची पोर रक्त जाऊन पांढरी पडली तर म्हणतील, उजळलीस हो.

तिनेही काही फार मोठा पराक्रम केला नाही. अकरा दिवस गप्प राहिली. खिडकीवर लोकांना खऱ्या-खोट्याचे धडे देत राहिली, घरी येऊन शिवणाच्या डब्यात तळाशी दडवलेल्या गोळ्या चोरून घेत राहिली. दुखण्याचं नाव घरात ठाऊक असूनही गोळी मात्र चोरूनच, कारण सासूबाईंनी एकदा म्हटलं होतं, इतकी वर्षं गोळ्या म्हणजे काय, बरं व्हायचंच नाही की काय. धाकटीचं काय होईल, ह्याचा ती विचार करी, मग आत्याचा चेहरा आठवी. आत्या शेवटच्या वर्षी अगदी अशीच काडी झाली होती.

बाराव्या दिवशी पोटाच्या डॉक्टरांकडे सहामाही तपासणी होती. नवरा गाडी घेऊन आला, सासूबाई नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर. सुनेला एकटीने डॉक्टरकडे पाठवायची त्यांची पद्धत नव्हती, काय बोलतात ते कळायला नको? डॉक्टरांनी रक्ताचे कागद पाहिले, फाइल चाळली आणि समाधानाने मान हलवली. आजार शांत आहे, वजन थोडं वाढव म्हणाले. मग फाइलीच्या पहिल्या पानावर बोट ठेवून सहज पुढे बोलले की ह्या आजाराला आठ वर्षं झाली, की बरं वाटत असलं तरी दर एक-दोन वर्षांनी नळी घालून आतून बघत राहावं लागतं, कारण ह्या आतड्यात कॅन्सरचा धोका काळाबरोबर वाढतो. "पण तुमची चारच वर्षं झालीत. अजून चार वर्षांचा अवकाश आहे."

खुर्चीच्या हाताला तिचा हात लागलेला होता, तो तिने मांडीवर घेतला. ह्या वेळी तो दाबायला कुणी नव्हतं.

"डॉक्टर, नोंद चुकली आहे," ती खिडकीवरच्या आवाजात म्हणाली. "दुरुस्त करायची आहे. आजार सतराव्या वर्षी सुरू झाला. तेरा वर्षं झाली. आणि माझी सख्खी आत्या ह्याच आजारात आतड्याच्या कॅन्सरने गेली. मूळ कागद मी स्वतः पाहिलाय."

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं, पण लगेच लिहिलं नाही. सासूबाई खुर्चीतून निम्म्या उठल्या. म्हणजे लग्नाच्या आधीपासून? म्हणजे आमच्या गळ्यात दुखणाईत पोर बांधली? इतका खोटेपणा ह्या घराने कधी पाहिला नाही, म्हणाल्या. आमच्या सात पिढ्यांत कुणी कुणाला फसवलं नाही.

तिने त्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, "सासूबाई, लग्नात तुम्ही मुलाचं वय अठ्ठावीस सांगितलं होतं. कचेरीत त्याची नोंद आहे, एकशे बाराव्या पानावर. ते तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. मी चार वर्षांपूर्वीच पाहिलंय आणि आजवर बोलले नाही. तुमच्या खोट्याने कुणी मरणार नव्हतं. माझ्या खोट्याने मी मरेन."

नवऱ्याचे कान लाल झाले. सासूबाई बसल्या, आणि सात पिढ्यांचा विषय तिथेच संपला. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड एका घराची नसते हो, दोन्हीकडची भांडी पदराखालीच असतात. पाहुणे एकमेकांकडे पाहून गोड हसत असतात तेव्हा दोन्ही घरं मनात हुश्श करत असतात.

डॉक्टर मात्र चिडले होते, आणि त्यांनी ते लपवलं नाही. चार वर्षांपूर्वी मी नळी घातली तेव्हा आतडं इतकं सुजलेलं होतं की बारीक काही दिसणं अवघड, म्हणाले. आजार नवा आहे असं समजून मी निश्चिंत राहिलो. जुना आहे हे कळलं असतं तर सूज उतरल्याबरोबर पुन्हा आत पाहिलं असतं, आणि दर वर्षी पाहिलं असतं. मग ते सासूबाईंकडे वळून, शाळेतल्या पोराला समजवावं तसं म्हणाले की ह्या आजारात आतड्याचं अस्तर सारखं सोलवटतं आणि सारखं भरून येतं. वर्षानुवर्षं हे चाललं की भरून येता येता काही पेशी वाट चुकतात. त्या चुकल्यात हे बाईंना पोटातून कळत नाही. गोळ्या नियमित घेतल्या तर सूज ताब्यात राहते, धोकाही कमी होतो, म्हणून बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि वेळेवर आत पाहिलं तर वाट चुकलेल्या पेशी कॅन्सर व्हायच्या आधी सापडू शकतात. "मी डॉक्टर आहे, ज्योतिषी नाही. मला जे साल सांगाल त्यावरच मी मोजणार."

मग त्यांनी फाइलीवरचं जुनं साल खोडलं. नवं साल तिनेच सांगितलं आणि ते लिहून होईपर्यंत ती पेनाकडे बघत राहिली.

पुढच्याच आठवड्यात तपासणी झाली. आदल्या दिवशीचं पोट साफ करण्याचं ते औषध, पेल्यामागून पेले, ती तोंड वाकडं करून प्यायली. नवऱ्याने त्या दिवशी शिकवण्या बंद ठेवल्या. दुपारी तो स्वयंपाकघरात आला, थोडा वेळ घुटमळला आणि विचारलं, गोळ्या कुठे ठेवतेस? तिने शिवणाचा डबा दाखवला. त्याने रिळांच्या खालून बाटली काढली आणि जेवणाच्या टेबलावर मिठाच्या भांड्याशेजारी ठेवली. सासूबाईंनी पाहिलं आणि बाटली तिथेच राहू दिली. ह्या घरात एवढं बदलायला पाच वर्षं आणि एक डॉक्टर लागला.

आतड्याच्या उजव्या बाजूला शर्टाच्या बटणाएवढा एक चपटा डाग सापडला. डॉक्टरांनी तो नळीतूनच काढला. तपासणीचा कागद दहा दिवसांनी आला. पेशी बदलू लागल्या होत्या, कॅन्सर झालेला नव्हता. दर सहा महिन्यांनी, मग दर वर्षाला आत बघावं लागणार होतं, आणि पुन्हा काही सापडलं तर शस्त्रक्रियेचाही विचार करावा लागणार होता, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. खोट्या सालाच्या हिशेबाने आणखी चार वर्षं थांबलो असतो तर, असं नवऱ्याने विचारायला सुरुवात केली. डॉक्टरांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने वाक्य पुरं केलं नाही. ती दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली. भीती होती आणि सुटकाही होती, आणि बापाचा राग तर इतका होता की तो रडून संपण्यातला नव्हता.

बापाचा फोन आला तो संध्याकाळी. कशी आहेस, हे विचारण्याआधी त्यांनी विचारलं की हे सगळं धाकटीच्या कानावर कुणी घातलं. घातलं होतं तिनेच, आणि धाकटीने ते मुलाकडच्यांना सांगून टाकलं होतं. रविवारी ती मंडळी नव्या पडद्यांचं कौतुक करत असताना तिने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, ताईला हा आजार आहे, आत्याला होता, मला अजून नाही, पण झाला तर मी लपवणार नाही. स्थळ मोडलं. मोडेना का! ज्या घराला सुनेच्या बहिणीचं आतडं परवडत नाही, त्या घरात पोरीने जाऊन दिवे लावायचे होते होय? वडील फोनवर बोलतच राहिले. तिने ऐकून घेतलं, एकच सांगितलं, "बाबा, डाग बटणाएवढा होता. काट्यावर ठेवला असता तर एक ग्रॅमही भरला नसता." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने ढोल्याला निरोप धाडला. खिडकीपाशी तो आला तेव्हा रांगेत सात-आठ माणसं होती. दाखल्यात चूक राहिली का, त्याने विचारलं. तिने जाळीतून आत्याच्या मूळ कागदाची प्रत पुढे सरकवली. पोटच्या मुलाला ती मागायचा हक्क होता, आणि ह्या वेळी वडिलांना विचारायला ती गेली नव्हती. त्याने ती वाचली. वाचताना ओठ हलत होते, 'कर्करोग' ह्या शब्दाशी थांबले.

"मामा तर म्हणाले होते," तो पुटपुटला.

तिने त्याच्या खोल गेलेल्या गालांकडे पाहिलं. ढगळ सदऱ्याकडे पाहिलं. मागे रांगेत कुणी तरी कुरकुरलं, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने विचारलं, "तुझं पोट बिघडतं? रक्त जातं?"

ढोल्याने मागे वळून रांगेकडे पाहिलं. सगळे इकडेच बघत होते. त्याने कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, जाळीला तोंड लावलं आणि आवाज इतका खाली आणला की तिला पुढे वाकावं लागलं.

"तसं काही नाही गं. थोडंसं. हल्लीच सुरू झालंय."

तिने पोटाच्या डॉक्टरांच्या पत्त्याची चिठ्ठी काढली, उलटी केली, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"हल्लीच म्हणजे," तारीखबाई सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोणत्या साली?"